आपल्या पायातली नल्ली

बकरीदच्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. दोन मोठ्या पराती मध्ये, भोवती घरातल्या साऱ्या बायका, नातलगांचे वाटे एकीकडे, शेजारपाजारचे दुसरीकडे, आणि मुले मधूनच डोकावून जाणारी. या वर्षी आमची चौथीतली नात तिथेच बसून राहिली. रानेची हाडे तोडलेली होती. त्यातल्या एका नल्लीत बोट घालत तिने विचारले, "आपल्या पायात पण नल्ली असते का?"

सगळ्या हसल्या. मोठी खाला खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "असते ना बेटा. माझ्या एका नल्लीत आता डॉक्टरने लोखंड बसवलंय."

पोरीचे डोळे विस्फारले. तिला पुढचे सगळे तिथेच ऐकायचे होते. या सदरात हाडांवर लिहायचे आमचेही बरेच दिवस राहून गेले होते. शाळेत विज्ञान शिकवताना आम्ही भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रावर वर्षानुवर्षे पट्टी फिरवली. पण खरे सांगायचे तर जे त्या चित्रातून मुलांच्या डोक्यात शिरत नाही, ते परातीसमोर पंधरा मिनिटांत शिरते. मटण साफ करणाऱ्या बाईला अर्धा सांगाडा आधीच पाठ असतो. तिला फक्त नावे ठाऊक नसतात.

चाप म्हणजे बरगड्या. बोकडाला तेरा जोड्या, आपल्याला बारा. आपल्या वरच्या सात जोड्या छातीच्या मधल्या हाडाला थेट येऊन मिळतात, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या आधाराने जोडल्या जातात आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच राहतात. सीन्याच्या मटणात जे पांढरे, दाताखाली कुरकुरणारे हाड लागते ते पुरते हाड नसतेच. ती कूर्चा. बरगडी आणि छातीचे हाड यांच्यामध्ये ती असते, म्हणून श्वास घेताना छातीचा पिंजरा फुगू शकतो. आपले नाक आणि कान चिमटीत धरले तरी तीच लागते.

गर्दनचे तुकडे मोजता आले तर मणके सात भरतील. आपल्या मानेतही सात. जिराफाच्या मानेतही सातच, फक्त एकेक मणका खूप लांब.

दस्त आणि रान यांतला फरक कसायाला विचारावा. दस्त नुसत्या सुरीने सुटून येतो. कारण बोकडाच्या पुढच्या पायाचा धडाशी हाडाने जोडच नसतो. खवाट्याचे रुंद, पात्यासारखे हाड नुसत्या मांसाने छातीला धरलेले असते. आपल्याला मात्र गळ्याखाली दोन्ही बाजूंना हासळीचे हाड असते. त्याच्या टेकूमुळे आपला हात बाजूला उचलता येतो, डोक्यामागे नेता येतो, मूल कडेवर घेता येते. बोकडाला पाय पुढेमागे नेण्यापुरते काम, त्याला हासळीची गरज पडली नाही. रानेचे तसे नाही. तिथे मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत घट्ट बसलेला असतो. तो सांधा सोडवताना कसायालाही जरा जोर लावावा लागतो. हा सांधा म्हणजे खुबा. त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आणि पाये! पाये म्हणजे बोकडाचे गुडघ्याखालचे पाय असे आपण समजतो. ती खरे तर त्याच्या तळहाताची आणि तळपायाची हाडे. बोकड बोटांच्या टोकांवर चालतो, त्याचे खूर म्हणजे नखे. आपल्या तळव्यात जी पाच सुटी हाडे असतात, त्यांतली मधली दोन त्याच्यात एकत्र जुळून एक लांब हाड झालेले असते. आपल्या हातापायांत मात्र सुट्या हाडांची नुसती गर्दी. मोठ्या माणसाच्या अंगात एकंदर 206 हाडे. त्यांतली प्रत्येक हातात मनगटापासून पुढे 27 आणि प्रत्येक पायात घोट्यापासून खाली 26. म्हणजे 106 हाडे, निम्म्याहून जास्त, नुसत्या हातापायांच्या पंजांत. सुईत दोरा ओवणे आणि खडबडीत रस्त्यावरून चपलेत तोल सांभाळणे या कामांसाठी एवढी हाडे खर्ची पडली आहेत.

तान्ह्या बाळाला हाडे जास्त असतात, तीनशेच्या घरात. मग ती वाढताना एकमेकांत जुळतात. बाळाच्या डोक्यावरची टाळू, जिथे आपल्याकडे तेल जिरवतात, ती कवटीच्या हाडांमधली फट. दीड वर्षाच्या सुमारास ती भरून येते. हातापायांची लांब हाडे टोकाशी वाढतात. कोवळ्या बोकडाची नल्ली खूप वेळ शिजली की टोकाची गाठ टोपणासारखी निघून येते, हे अनेकींनी पाहिले असेल. मध्ये जी कूर्चेची पातळ चकती असते ती विरघळते म्हणून तसे होते. आपल्या मुलामुलींच्या हाडांतही तीच चकती असते आणि तिच्यामुळेच उंची वाढते. वयात आल्यावर काही वर्षांत ती हाडात बदलते. त्यानंतर उंची वाढवण्याची कोणतीही पावडर, कोणतीही गोळी काही करू शकत नाही. जाहिरातीत काहीही म्हणू देत.

नातीला जबड्याची गोष्ट सर्वांत आवडली. मुंडी फोडताना खालचा जबडा हनुवटीशी दोन भागांत सुटतो, कारण बोकडात ते दोन तुकडे जन्मभर नीट जुळत नाहीत. आपल्यात ते पहिल्या वर्षातच एक होतात. युनानी हकीम ज्याला जालीनूस म्हणतात तो गॅलेन, दुसऱ्या शतकातला फार मोठा वैद्य. माणसाचे शव फाडण्याची त्याला सोय नव्हती, त्याने प्राणी पाहिले. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे त्याने लिहून ठेवले आणि पुढे हजार वर्षे सर्वांनी ते मान्य केले. सन 1200 च्या सुमारास मिस्रमध्ये नाईलला पूर आला नाही. भयंकर दुष्काळ पडला, माणसे रस्त्यांत मरून पडली. बगदादचा हकीम अब्दुल लतीफ त्या वेळी तिथे होता. कैरोजवळ एका टेकाडावर मृतांच्या हाडांचा खच पडला होता. तिथे जाऊन त्याने कवट्या पाहायला सुरुवात केली. दोन हजारांवर पाहिल्या. प्रत्येकीचा खालचा जबडा एकाच हाडाचा, कुठेही सांधा नाही. जालीनूसबद्दल त्याला अतिशय आदर होता. तरी त्याने लिहिले की डोळ्यांनी पाहिलेले जालीनूसच्या शब्दापेक्षा अधिक भरवशाचे. पोथीत काय लिहिले आहे हे ज्याला पाठ आहे, त्याने हाड हातात घेऊन पाहणे हे सोपे काम नसते. हे आम्ही अनुभवाने सांगतो, ते पुढे येईलच.

परातीतल्या शिक्षणात एक मोठी खोट आहे. तिथले हाड मेलेले असते. म्हणून हाड म्हणजे घराच्या खांबासारखी वस्तू, एकदा उभी राहिली की राहिली, असा आपला समज होतो. जिवंत अंगातले हाड तसे नसते. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात (नाहीतर मोडल्यावर एवढे दुखले नसते), आणि पेशींच्या दोन टोळ्या रात्रंदिवस कामाला असतात. एक टोळी जुने हाड कुरतडते, दुसरी तिच्या मागोमाग नवे भरते. वर्षाकाठी सुमारे दहावा हिस्सा हाड असे बदलले जाते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा आपला सांगाडा आज बहुतेक आपल्याकडे नाही.

हाडात दोन माल असतात. एक कोलॅजन नावाचे प्रथिन, दोरखंडासारखे चिवट. दुसरा कॅल्शियम आणि फॉस्फरसचा क्षार, दगडासारखा कठीण. चुलीच्या राखेत जळालेले हाड पांढरे दिसते आणि बोटाने दाबले की भुगा होते, कारण कोलॅजन जळून गेले. उलट करायचे असेल तर कोंबडीच्या तंगडीचे हाड साफ करून सिरक्यात बुडवून ठेवावे, दोन दिवसांनी सिरका बदलावा. क्षार विरघळून जातो आणि आठवडाभरात हाड रबरासारखे वाकते. नातीने त्याच संध्याकाळी बाटली भरून ठेवली.

आतला गूदा, ज्यासाठी नल्ली ताटावर आपटली जाते, तो मुख्यतः चरबीचा साठा. पण कमरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या, बरगड्यांच्या हाडांत लाल मज्जा असते. तिथे रक्त तयार होते. दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास लाल पेशी तिथून बाहेर पडतात. लहान मुलांत तर जवळपास सर्वच हाडांत लाल मज्जा असते.

आता पायांच्या शोरब्याबद्दल. कुणाचे हाड मोडले की तिसऱ्या दिवशी घरोघरून डबे येतात: "हड्डी जुडेगी, पिलाव." पाये रात्रभर मंद आचेवर ठेवले की जे पाण्यात उतरते ते कोलॅजन. म्हणून शोरबा गार झाला की थिजतो. कॅल्शियमचा क्षार साध्या पाण्यात विरघळत नाही, तो हाडातच राहतो. तेव्हा शोरबा जरूर द्यावा, आजाऱ्याच्या पोटात काही गरम आणि चविष्ट जाते, आपल्या माणसांची माया कळते. पण तो पाजला म्हणजे कॅल्शियमचे काम झाले असे समजून दुधाचा पेला बाजूला सारू नये.

मोठ्या माणसाच्या शरीरात किलोभर कॅल्शियम असते आणि त्यातले शंभरातले नव्याण्णव भाग हाडांत. उरलेला एक भाग रक्तात आणि पेशींत फिरतो, पण त्यावर हृदयाचा प्रत्येक ठोका, स्नायूंचे आखडणे आणि जखमेचे रक्त गोठणे अवलंबून असते. तो जरासाही घटून चालत नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी आहेत. रक्तातले कॅल्शियम उतरले की त्या हाडांतून ते काढायला लावतात. आपण खाल्ले नाही तर शरीर आपल्या हाडांतून घेते. कर्जाची पावती मिळत नाही, दुखतही नाही. तिशीपर्यंत हाडांत भरणा जास्त होतो. मग बरीच वर्षे हिशेब कसाबसा बरोबरीत चालतो. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन घटते, कुरतडणारी टोळी मोकाट सुटते आणि पुढच्या काही वर्षांत हाड भराभर विरळ होते.

खालाच्या बाबतीत हेच घडले आणि आमच्या डोळ्यांदेखत घडले. सहा मुलांना तिने दूध पाजले. दुधाचा पेला आधी मुलांना, मग मियाँला, मग नातवंडांना, आणि तिच्या वाट्याला चहापुरते. गेल्या काही वर्षांत तिचे जुने कुर्ते तिला लांब होऊ लागले. कापड सैल झाले असेल, असे आम्ही म्हणालो. प्रत्यक्षात तिची उंची कमी होत होती. मणके आतून दबत होते. दोन वर्षांपूर्वी ओट्याजवळ घसरली, हात टेकला, मनगट मोडले. प्लास्टर झाले, निघाले, विषय संपला. उभ्या जागेवरून पडून पन्नाशीपुढच्या बाईचे मनगट मोडते तेव्हा बाकीची हाडे तपासून घ्यायची असतात. कुणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

मागच्या थंडीत पहाटे फज्रच्या वुजूसाठी ती उठली. दिवा लावला नाही, घरातले जागे होतील म्हणून. उजवा पाय उचलून बेसिनमध्ये धुतला, डावा उचलताना ओल्या फरशीवर तोल गेला आणि ती कुशीवर पडली. आम्ही धावलो. उठवले तर धरून धरून दोन पावले चालली. चालते आहे म्हणजे मोडलेले नाही, मुका मार आहे, असा घरातल्या मोठ्यांचा निकाल झाला आणि त्या मोठ्यांत आम्हीही होतो. एवढी वर्षे मुलांना हाडे शिकवून आम्ही चार दिवस तिच्या मांडीला राईचे गरम तेल चोळत होतो. हाडवैद्याला बोलावण्याचेही चालले होते. पाचव्या सकाळी ती पाय उचलूच शकेना. पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. एक्स-रेत दिसले की मांडीच्या हाडाचा गोळा ज्या मानेवर असतो ती मान तुटून सरकली आहे.

डॉक्टरांनी सांगितले ते इथे मुद्दाम लिहितो. खुब्याशी मोडलेले हाड कधी कधी एकमेकांत रुतून बसते, तेव्हा माणूस लंगडत का होईना चालू शकतो. चोळण्याने, चालवण्याने ते सुटते. वयस्कर माणूस पडले आणि जांघेत किंवा खुब्यात दुखते आहे, तर चालता येवो न येवो, त्याच दिवशी एक्स-रे काढायचा. पहिल्या एक्स-रेत दिसले नाही आणि दुखणे राहिले तर पुन्हा दाखवायचे. तेल नाही, मालीश नाही, ओढाताण नाही. आणि शस्त्रक्रिया सांगितली तर "या वयात कशाला चिरफाड" म्हणून दिवस घालवायचे नाहीत. होता होईल तो एक-दोन दिवसांत ती झालेली बरी. पलंगावर पडून राहण्यानेच म्हातारी माणसे जातात. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायांच्या शिरांत रक्त गोठते.

खालाचा तुटलेला गोळा काढून धातूचा बसवला. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभे केले तेव्हा तिच्यापेक्षा आम्हीच जास्त रडलो. आता ती चालते. नमाज खुर्चीवर पढते.

हाडांची घनता मोजण्याची डेक्सा नावाची चाचणी असते, ती तेव्हा कुठे झाली. पाळी जाऊन वर्षे झालेल्या, आधी एखादे हाड मोडलेल्या, उंची घटलेल्या, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या बायकांनी डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारावे. पुरुषांची हाडेही विरळ होतात, फक्त उशिरा.

खाण्याचे फार अवघड नाही. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर मिलिलीटर दुधात एकशेवीसच्या आसपास, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि न सोललेल्या तिळात हजाराच्या वर. अर्थात तीळ काही शंभर ग्रॅम कुणी खात नाही, पण चटणी रोज ताटात असू शकते. कोकणातल्या घरांत मांदेली काट्यासकट खातात, सुक्या बोंबलाचा काटाही चावून जातो, जवळा तर अख्खाच. शहरात आल्यावर ही मासळी "गरिबांची" म्हणून मागे पडली आणि बिनकाट्याचे तुकडे आले. चव गेली ती गेलीच, कॅल्शियमही गेले.

उन्हाबद्दल मात्र थोडे स्पष्ट लिहावे लागेल. खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीवर ऊन पडल्याने तयार होते. कोवळे ऊन त्यासाठी चांगले, असे सर्वत्र सांगितले जाते. पण ज्या किरणांनी ते बनते ते भल्या सकाळच्या उन्हात फारच थोडे असतात. दहा-अकरानंतरचे ऊन लागते. काचेतून आलेले चालत नाही. आमच्या घरांतल्या बायका बाहेर पडतात तेव्हा अंग झाकून पडतात, आणि घर चाळीतले किंवा फ्लॅटमधले असेल तर आतही ऊन येत नाही. यात वाद घालण्यासारखे काही नाही, सोय करण्यासारखे आहे. गच्चीवर, परसात, आडोशाच्या बाल्कनीत अकराच्या सुमारास बाह्या आणि पायचे वर करून वीस मिनिटे, अर्धा तास बसता येते. गच्चीची किल्ली कुणाकडे असते आणि ती बायकांना दुपारी मिळते का, हे घरातल्या पुरुषांनी पाहावे. रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघाले तर डॉक्टर साठ हजार युनिटची गोळी किंवा पुडी बहुधा आठवड्यातून एकदा देतात. ती रोज घ्यायची नसते. शेजारणीला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नसते. जास्त झाल्यास रक्तात कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडांना इजा होते.

हाडांना भारही लागतो. अंतराळात वजन नसते, तिथे अंतराळवीरांची हाडे महिन्याला एक टक्क्याहून अधिक झिजतात. मुलीने दोरीवरच्या उड्या मारल्या, जिने चढले, मैदानावर धावली, तर तिची हाडे त्या भाराने घट्ट होतात. ज्या वयात आम्ही मुलींना "आता उड्या मारू नकोस" म्हणतो, नेमक्या त्याच वयात हाडांचा सर्वांत मोठा भरणा चालू असतो.

घरात आम्ही आता तीन गोष्टी केल्या. न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा दांडा ठोकला. रात्रभर छोटा दिवा चालू ठेवतो. आणि नळापाशी एक बुटके, रबरी पायांचे स्टूल ठेवले, बसून वुजू करण्यासाठी. पहिले काही दिवस त्यावर फक्त खाला बसायची, आम्हाला संकोच वाटे. आता आम्हीही बसतो.

सातव्या दिवशी नातीने बाटलीतून हाड काढले, धुतले आणि सगळ्यांसमोर वाकवून दाखवले. खालाने ते हातात घेऊन दोनदा वाकवले. मग धाकट्या सुनेकडे पाहून म्हणाली, "हिच्या दुधाचा पेला कुठाय?"